रकाना अकरावा

पालिकेच्या वृक्षगणनेत मी रोजंदारीवर होतो,
मार्गशीर्ष ते माघ.
आरेच्या मागे, खांबाच्या पाड्यावर.
खांब आहे, पाड्याला नाव त्याचंच,
वीज मात्र पुढच्या कॉलनीला जाते.

छातीच्या उंचीला टेप लावायची, घेर मोजायचा.
दहा सेंटिमीटरच्या खालचं धरायचं नाही.
खोडावर पत्र्याचा नंबर.
आणि रकाना अकरावा : उपयोग.
त्यात चारच शब्द चालतात :
सावली, फळ, शोभा, निरंक.

बारकी वरठा मागे मागे येत होती,
कमरेच्या आकडीत कोयता.
"ह्याला काय लिवलास?"
ऐन. निरंक.
ती बाजूला थुंकली.
"कोळीवाड्यातून गाड्या यायच्या सालीला.
हंड्यात उकळून जाळी बुडवायचे.
त्या लाल पाण्यावर
आख्खा दर्या खाल्लात तुम्ही मुंबईवाल्यांनी."

मी खोडलं नाही. खोडायला परवानगी लागते.

कुंभा. निरंक.
"साल वळून पेटव, रातभर धुमसते.
आगपेटी कुठं होती तवा?"
गेळा. निरंक.
"फळ ठेचून कोंडीत टाकलं की मासा उताणा.
पण पिलांच्या दिवसांत नाही टाकायचं."
काकड. निरंक.
इथे मात्र ती हसली, पहिल्यांदा.
"आखाडाआधी शेवळं निघतील, तवा ये.
ह्याच्या फळाशिवाय रांधून देते तुला.
घसा धरला की मग लिव
काकडाचा उपयोग."

मुरुडशेंग मी वगळलीच, झुडूप म्हणून.
तिनं एक शेंग तोडून हातावर ठेवली :
"पोराच्या पोटात मुरडा आला की उगाळायची.
बघ ना, सोताच कशी पिळवटलीय."

उतारावर वाळून उभी होती कारवी,
पावसाळ्यात फुलून आता मेलेली.
"ही मोजली नाहीस."
घेर भरत नाही, मावशी.
"माझं घर भरतंय."
कुडाच्या भिंतीवर तिनं हात ठेवला,
शेणाखाली कारवीच्या काठ्या.
वय विचारलं तर म्हणाली, पाच कारव्या झाल्या.
दुसऱ्या फुलोऱ्यात लगीन,
चवथ्यात नवरा गेला, ट्रकखाली, हायवेला.
"बिल्डिंग देणारेत आमाला, सातवा मजला.
तिथं किती वर्सांनी फुलतं?"

आणि मग बिब्बा.
ती ओरडली, हात लावू नको.
पण मला तो वास ओळखीचा होता,
झाडाचा नव्हे, लालबागच्या आमच्या लाँड्रीचा.
बाप सुईनं बिब्बा टोचायचा
आणि कॉलरच्या आत खुणा करायचा :
दोन ठिपके, आडवी रेघ, नऊ नंबरचे कर्णिक.
फुली, तळमजल्यावरचे डिमेलो.
तीनशे बिऱ्हाडं त्याला वाचता येत होती,
सहीपुरतं अक्षर मात्र आलं नाही.
मी विचारलं होतं, आपल्या कपड्यांना खूण कुठली?
इस्त्री न थांबवता म्हणाला,
"खूण नसेल तो आपला."

बारकीनं बोरीचा काटा मोडून दिला.
मी बी टोचलं.
अकराव्या रकान्यात, निरंकच्या ओळींशेजारी,
एकेक काळा ठिपका देत गेलो.
कशासाठी, ते तेव्हा सांगता आलं नसतं.
सत्तेचाळीस ठिपके.
एक जास्तीचा, कारवीचा, समासात.

वॉर्ड ऑफिसात परुळेकर साहेबांनी
कागद उजेडाला धरला.
"हे डाग कसले? फॉर्म पुन्हा भरा."
मी नव्या कागदावर उतरवलं, ठिपके सोडून.
निरंक, निरंक, निरंक.
लिहिताना बोटाची आग होत होती.
खोबरेल लाव, असं बारकी म्हणाली होती.
आठ दिवस मी लावलं नाही.